मंगळवार-शुक्रवारची गाडी

इंदूमावशी नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारायच्या. भाडं, पाणी, लाईट हे सगळं नंतर. आधी विचारायच्या, "तुला काय झालं तर कळवायचं कुणाला?"

मी परभणीहून आलेलो. हिंजवडीत नोकरी लागली होती, पण तिथल्या खोल्या खिशाला झेपेनात म्हणून पौडला आलो. एसटी स्टँडच्या मागे मावशींच्या पाच खोल्या होत्या. हातात वळकटी घेऊन मी दारात उभा, आणि समोर ही उंच, हाडकुळी, नऊवारीतली बाई. चष्म्याला काळी दोरी बांधलेली.

"मला काय होणार आहे?" मी हसून म्हणालो.

"ते मला काय ठावं? ताप येतो, साप चावतो, मानूस पडतो. बापाचा नंबर सांग."

मी सांगितला. त्यांनी कानामागची सुताराची लाल पेन्सिल काढली आणि खोलीच्या दारावर आतल्या बाजूने तो नंबर लिहिला. माझ्या आधी तिथे राहून गेलेल्यांचेही नंबर तिथे होते. ते त्यांनी पुसले नव्हते.

त्या पेन्सिलीचा उपयोग मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिला. शेजारच्या खोलीतला नांदेडचा मुलगा दोन दिवस दार उघडेना. मावशींनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, तापाने फणफणलेल्या त्या पोराच्या पाठीला कान लावला आणि म्हणाल्या, "आत खरखरतंय. उठवा ह्याला." दुधाच्या टेंपोत घालून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. दारावरच्या नंबरवर फोन गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे वडील नांदेडहून निघालेसुद्धा होते.

कान लावायची त्यांना सवयच होती. पाण्याची मोटर, गाभण गाय, भाताची कणगी, कशालाही कान लावून त्या दोन क्षण डोळे मिटायच्या आणि काय बिघडलंय ते सांगायच्या. बहुतेक वेळा खरं निघायचं. आणि त्यांना एका शब्दाचा राग होता. तो म्हणजे 'बघू'. कुणी "बघू" म्हटलं की त्या हातातलं काम थांबवायच्या. "बघू म्हंजे न्हाई. मंग न्हाई म्हन की सरळ. सरळ बोलल्यानं काय त्वांड भाजतंय?"

अशा बाईशी मी खोटं बोललो.

*

ते खोटं एका गाडीबद्दल होतं. पौडला वर्ष काढल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. तिच्या कंपनीने आपल्याकडे थोड्याच गाड्या विकल्या आणि गाशा गुंडाळला, म्हणून तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. नव्या काळात बनवलेली, पण दिसायला आजोबांच्या जमान्यातली. सायीच्या रंगाची, आखूड, गोल पाठीची, पुढे बेडकासारखे दोन गोल दिवे. पुण्यातल्या एका एजंटाकडे ती उभी होती आणि मी इंजिन नीट न बघताच होकार देऊन बसलो. पौडात पोरं तिच्याभोवती जमायची. मला फार बरं वाटायचं.

चार महिन्यांत ती पिरंगुटच्या घाटात तापायला लागली. तापून बंद पडली की अर्धा तास चालू व्हायची नाही. सुटे भाग मिळत नव्हते. पौडला बबन मिस्त्री होता, मोजकं बोलणारा आणि कामात चोख. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "सायेब, हिच्या इंजिनाचं हेड आधी एकदा उघडलेलं हाय. पॅकिंग गेलंय. पानी आतल्या आत जळतंय. आता मी काय तरी करतो, पर ही पुन्हा जानार. उन्हाळ्यात जानार."

त्याच सुमाराला मावशींच्या यजमानांच्या, आप्पांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. साखरेचा जुना आजार होता. आप्पा जवळच्या रिहे गावचे. तिथे त्यांची भातखाचरं होती, त्यातली अर्धी फार्महाऊसवाल्यांना विकून त्यांनी पौडला या खोल्या बांधल्या होत्या. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला डायलिसिस. जाताना एसटी, येताना मिळेल ती जीप. चार तास मशीनवर पडून आल्यावर आप्पांचा रक्तदाब उतरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका शुक्रवारी ते पौडच्या स्टँडवर जीपमधून उतरता उतरता खालीच कोसळले. कपाळाला खोक पडली.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या गाडीपाशी उभ्या होत्या. दार उघडून बघत होत्या. त्या गाडीचं दार मोठं होतं आणि सीट उंच. माणसाला वाकायला लागायचं नाही, खुर्चीत बसावं तसं बसता यायचं.

"तू ही इकायची म्हनत व्हतास ना?"

"हो. पण चालवणार कोण?"

"मी."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. मुलगा सुरतेला कामाला, दोन्ही लेकी आपापल्या घरी. दुसरं होतं कोण? त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला, टपावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या.

"एकच सांग. खोट न्हाई ना काय हिच्यात?"

मला बबनचा टॉर्च आठवला. मला ती गाडी नको झाली होती, आणि कंपनीतल्या एकाची नवी गाडी मी मनात धरून ठेवली होती. मी म्हणालो, "नाही मावशी. जुनी आहे, एवढंच."

"घरातली गाडी हाय म्हनून घेती," त्या म्हणाल्या. "भाईर घेतली असती तर धा जनांना इचारलं असतं."

*

त्या गाडी शिकल्या तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर रस्त्यावर घाबरला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "चल, आमच्या वावरात." भात कापून झालं होतं, रिह्याची खाचरं कोरडी पडली होती. खाचराच्या चारी बाजूंनी बांध, त्यामुळे गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? आप्पा बांधावर घोंगडी टाकून बसायचे आणि ओरडून सांगायचे, "क्लच! अगं क्लच दाब, बैल न्हाय तो!" मावशी ओठ घट्ट मिटून, नऊवारीचा काष्टा आवळून, भाताच्या धसकटांवरून गोल गोल फिरायच्या. पंधरा दिवसांत त्या बांधाच्या फटीतून गाडी उलटी बाहेर काढायला लागल्या. परीक्षेला पुण्यात गेल्या, तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, लायसन कशाला हवंय?" त्या म्हणाल्या, "चालवायला."

फेब्रुवारीपासून त्यांनी आप्पांना न्यायला सुरुवात केली. सकाळी सातला निघायचं, दुपारी दोनला परत. आप्पा पुढच्या सीटवर ताठ बसायचे, डोक्याला पांढरी टोपी. गावातली माणसं थांबून बघायची. मावशी कुणाकडे बघायच्या नाहीत. मी खिडकीतून त्यांना जाताना बघायचो आणि मनाला समजवायचो, की थंडी आहे, काही होत नाही. बबनने काहीतरी केलंय ना? कदाचित टिकेल.

मार्च संपला. ऊन चढलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोननंतर माझं ऑफिसात लक्ष लागेनासं झालं. मी काहीतरी निमित्त काढून मावशींच्या घरी फोन करायचो. मावशींनी उचलला की "काही नाही, सहज" म्हणून ठेवून द्यायचो.

एप्रिलच्या एका शुक्रवारी फोन कुणी उचललाच नाही.

संध्याकाळी कळलं ते असं. जाताना घाटाच्या मध्यावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्यात गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. उन्हात, कठड्याला चिकटून, मागे ट्रक. आप्पांना सावली नव्हती. मावशींनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून विटांचा रिकामा टेंपो थांबवला, आप्पांना पुढे बसवलं, स्वतः मागच्या हौद्यात बसल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची वेळ टळली होती. मशीन दुसऱ्याला लावलं होतं. दोन तास थांबून त्यांना चाराऐवजी अडीच तासच मिळाले. आप्पा त्या रात्री सुजलेले झोपले.

गाडी ओढून बबनच्या गॅरेजात आणली गेली. बबनने बॉनेट उघडलं आणि त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "मी सायबाला तवाच बोल्लो व्हतो."

*

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी दाढी करत होतो. दार उघडंच होतं. एरवी मावशी थेट आत यायच्या. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"सायेब हायेत का?"

मला वाटलं दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतायत. मग कळलं, मलाच. मी साबणाचं तोंड तसंच घेऊन दारात आलो.

"बबननं तुमाला सांगितलं व्हतं, हेड गेलंय म्हनून?"

मी हातातला वस्तरा पुसायला लागलो.

"व्हय का न्हाई?"

"हो."

"मी इचारलं तवा ठावं व्हतं?"

"हो, मावशी."

त्यांनी मान हलवली. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, एवढ्यात काही होणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही घाटात जास्त..."

"पौडावरनं पुन्याला घाटाबिगर दुसरी वाट हाय का?"

"मी पैसे परत देतो. सगळे."

"पैशावर बसून जातील का ते दवाखान्यात?"

"मग गाडी विकून टाकू. मी गिऱ्हाईक बघतो."

"आन त्यानं मला इचारलं तर, खोट हाय का म्हनून? मी काय सांगू? तुमाला जमतं सायेब. मला न्हाई जमायचं."

साबण वाळून चेहरा ओढला जात होता. मला कुठे बघावं कळेना.

"मंगळवारी आन शुक्रवारी सकाळी सातला गाडीत बसायचं," त्या म्हणाल्या. "पानी तुमी बघायचं, काटा तुमी बघायचा. माजं ध्यान रस्त्यावर असतंय." आणि त्या वळून गेल्या. मी हो म्हणेन की नाही, याची त्यांनी वाटही पाहिली नाही.

मी ऑफिसात दुपारची पाळी मागून घेतली.

*

मे महिना मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर, पाण्याच्या दोन कॅनच्या मधोमध काढला. पुढे वाकून दोन सीटच्या फटीतून काटा बघायचा. तो अर्ध्यावर आला की सांगायचं. मग मावशी गाडीतला हीटर पूर्ण चालू करायच्या. ती बबनची युक्ती. इंजिनाची आच हीटरवाटे आत ओढून घ्यायची, तेवढंच इंजिन थंड. बाहेर मेचं ऊन, आत भट्टी, चारी काचा उघड्या, आणि आम्ही तिघं घामाने निथळत घाट चढायचो. वर पोचलं की एका चिंचेखाली थांबायचं, पण इंजिन बंद करायचं नाही. मी फडक्याने रेडिएटरचं झाकण सैल करून, वाफ जाऊ देऊन, कॅनमधलं पाणी घालायचो.

आप्पांना दिवसभरात मोजकं पाणी. मावशींनी त्यांना एक छोटं पितळी फुलपात्र दिलं होतं, दिवसाला तेवढी तीन. जास्त झालं की ते अंगात साठायचं. त्या उन्हात ते लवंग चघळत, गाडीच्या तोंडात गटगट जाणारं पाणी बघत बसायचे. एकदा म्हणाले, "हिला दोन कॅन, आन मला घोटभर न्हाई."

मावशींनी समोरच बघत सांगितलं, "ती मेली तर दुसरी मिळंल."

माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या. "सायेब, झाकन लावलं का? सायेब, दार वढा." गावात इतक्या भाडेकरूंना त्या अरे-तुरे करायच्या, म्हणून लोकही चकित झाले. एकदा मावशी औषधाच्या दुकानात गेल्या असताना आप्पांनी मान वळवून हळूच विचारलं, "तुला लई बोलली का?"

"नाही आप्पा. बोलतच नाहीत."

"मंग लईच झालं," ते म्हणाले.

जून-जुलैत पावसाने हवा गार झाली. काटा अर्ध्यावर राहायला लागला. मला वाटलं, सुटलो.

जुलैच्या एका शुक्रवारी अंबडवेटजवळ वडाचं मोठं झाड रस्त्यावर आडवं झालं. दुपारपर्यंत वाहतूक बंद. आम्ही परत फिरलो. दवाखान्यात फोन केला तर शनिवारी जागा नव्हती, सोमवारी या म्हणाले. शनिवार आप्पांनी कसाबसा काढला. रविवारी सकाळी आठला मावशींनी माझं दार वाजवलं.

आप्पा खाटेवर बसून होते. झोपता येत नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते श्वास ओढत होते, आणि प्रत्येक श्वासाला आत हुक्क्यासारखं गुरगुरत होतं. मावशींनी त्यांच्या पाठीला कान लावला. डोळे मिटले नाहीत.

"पानी भरलंय. काढा गाडी."

पौडची रुग्णवाहिका मुळशीकडे गेलेली होती, तास तरी लागेल म्हणाले. सीटवर पैसे घेणाऱ्या वडापच्या जिपा सगळ्या ताम्हिणीच्या बाजूला पर्यटक वाहत होत्या. मावशी चालवायला बसल्या. मी मागे, आप्पांना माझ्या छातीला टेकवून ताठ धरलेलं. ओठ निळसर दिसत होते.

पिरंगुटपर्यंत ठीक गेलो. मग घाट सुरू झाला. पावसाळ्यातला रविवार. अख्खं पुणं मुळशीला निघालेलं. वरून खाली गाड्यांची रांग, ती पुरेना म्हणून दुसरी रांग आमच्या बाजूला घुसलेली. भिजलेली पोरं टपावर बसून आरोळ्या ठोकत होती. आम्ही पहिल्या गियरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू. थांब, सरक, थांब. चढावर अशी गाडी चालणं म्हणजे तिला चुलीवर ठेवणं.

"किती?" मावशींनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर."

हीटर चालू झाला. पाऊस काचांतून आत येत होता, कारण आप्पांना वारा हवा होता. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड व्हायला लागलं.

"आप्पा, डोळे उघडे ठेवा. आप्पा!"

"किती?"

"पाऊण." प्लॅस्टिक जळाल्यासारखा आणि त्यात काहीतरी गोड असा तो ओळखीचा वास आला. बॉनेटच्या फटीतून बारीक वाफ निघत होती. वरचं वळण अजून दूर होतं. गाडी बंद केली तर अर्धा तास चालू होणार नाही, आणि त्या गर्दीत अर्ध्या तासात कुणीही आमच्यापर्यंत पोचणार नव्हतं. चालू ठेवली तर इंजिन जाम होणार. मला काट्याकडे बघवेना. मी म्हणालो, "अजून... जरा आहे."

मावशी ओरडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"आरं, सरळ सांग! ग्येला का तांबड्यात?"

"गेला," मी म्हणालो. "पूर्ण गेला, मावशी. इंजिन बसेल."

"बसू दे. वर जाऊन बसू दे."

आणि त्यांनी चाक डावीकडे फिरवलं. रस्ता संपतो आणि गटार सुरू होतं, त्यामधल्या हातभर मुरुमाच्या पट्टीवर डावी चाकं घातली. गाडी तिरकी झाली. आप्पांचं सगळं वजन माझ्यावर आलं. मावशींनी तळहात हॉर्नवर दाबून धरला तो उचललाच नाही. दुसऱ्या गियरमध्ये, झाडाच्या फांद्या काचेवर सपासप मारत, आम्ही त्या रांगेच्या कडेने वर निघालो. एक मोठी पांढरी गाडी पट्टीवर आडवी होती. मावशींनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. "मानूस चाललाय माजा! घे गाडी!" आतला माणूस इतका दचकला की त्याने मागच्या गाडीला धक्का देत आपली गाडी मागे घेतली.

इंजिनातून आता ठोके ऐकू येत होते. घणाचे असावेत तसे. प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, हाच शेवटचा. वळण आलं. रस्ता सपाट झाला, आणि मग उतार. मावशींनी गियर काढला. गाडी आपल्या वजनाने भुकूमच्या दिशेने घरंगळायला लागली, गार वारा आणि पाऊस तोंडावर, आणि काटा तांबड्याच्या खाली एका रेषेने उतरला.

"सांग," त्या म्हणाल्या.

"खाली येतोय."

"आन ते?"

मी आप्पांच्या नाकाशी हात धरला. "श्वास आहे."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी आपोआप बंद पडली. चाकाची खुर्ची आली. दोन तासांनी नर्स बाहेर येऊन म्हणाली, झोपलेत, आडवे झोपलेत. मी बाकावर बसलो होतो. मावशी कँटीनमधून चहाचे दोन ग्लास घेऊन आल्या. एक माझ्यापुढे धरला.

"पी. सकाळधरनं उपाशी हाईस तू."

त्यानंतर त्यांनी मला कधी सायेब म्हटलं नाही. त्याबद्दल आमच्यात काही बोलणंही झालं नाही.

*

गाडीचं हेड वाकलं होतं. बबनने पुण्याच्या जुन्या बाजारात तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा सांगाडा शोधून काढला आणि तीन आठवडे खपून हिला पुन्हा उभी केली. तोवर जीप ठरवून गेलो. मग ती गाडी पूर्वीपेक्षा बरी चालली, पण भरवशाची कधीच झाली नाही. मी मागच्या सीटवर जात राहिलो. आता कुणी सांगितलं नव्हतं, पण जात राहिलो.

आप्पा आणखी दीड वर्ष जगले. थंडीतल्या एका बुधवारी सकाळी अंगणात ऊन खात बसले होते, चहा झाला होता, मावशी आतून काहीतरी विचारत आल्या आणि उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी सातला मला गाडीचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर मावशी एकट्याच आत बसल्या होत्या. इंजिन चालू. पाचेक मिनिटं तशाच बसल्या. मग बंद करून आत गेल्या.

थोड्या दिवसांनी रिह्याच्या एका फार्महाऊसवाल्या गृहस्थांनी ती गाडी विकत मागितली. गोल दिव्यांवर खूश होते. मावशींनी त्यांना अंगणात उभं करून एकेक दोष सांगितला. हेड, पंखा, दमट हवेत रुसणारा स्टार्टर, डाव्या दाराची कडी, घाटात हीटर लावायचा तो कधी आणि किती. सांगायला बराच वेळ लागला. गृहस्थ हसून म्हणाले, "आजी, विकायची नाही असं सरळ सांगा ना!" आणि निघून गेले. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्या आजून किती सरळ सांगायचं?" त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

मार्चमध्ये रिह्याची मंगल नावाची बाई एसटी स्टँडवर चक्कर येऊन बसलेली त्यांना दिसली. शिलाईकाम करणारी, पस्तिशीची. तिचंही मंगळवार-शुक्रवार. पुढच्या मंगळवारी सातला मावशींची गाडी रिह्याच्या दिशेने गेली आणि तिथून पुण्याला. मी तोवर पौड सोडायची तयारी करत होतो. माझी खोली रिकामी करताना मावशींनी मला निरोप-बिरोप दिला नाही. एक पिशवीभर इंद्रायणी तांदूळ दिला आणि म्हणाल्या, "पानी जास्त घालू नको, चिकाट व्हतो."

पुण्यात लग्न झालं, नवी गाडी आली. ती कधी तापली नाही. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी मी सुट्टी काढून पौडला निघालो होतो. पिरंगुटच्या घाटात उतारावर समोर ती दिसली. सायीचा रंग आता पिवळट झालेला, बॉनेट वर, वाफ. कठड्याच्या सावलीला एक बाई पदर तोंडावर धरून बसली होती, तीच मंगल असणार. मावशी हातात कॅन घेऊन उभ्या. केस पूर्ण पांढरे झाले होते.

मी वळवून गाडी मागे लावली. मावशींनी मला ओळखलं, पण आश्चर्य वगैरे दाखवायला त्यांना वेळ नव्हता.

"बरं झालं आलास. हिला घिऊन जा. नवाला मशीन हाय."

"तुम्हीही चला ना मावशी. ही राहू दे इथे."

"हितं? आरसं काढून नेत्याल. जा तू. थंड झाली की येते मागनं."

"आणि नाहीच चालू झाली तर?"

"तर न्हाई." त्यांनी मंगलला हाताला धरून उठवलं, माझ्या गाडीत बसवलं, तिच्या मांडीवर औषधांची पिशवी ठेवली आणि तिला दटावलं, "नर्सला सांग, मागल्या बारीला सुई दुखली म्हनून. गप बसू नको." मग दार लावलं आणि माझ्या टपावर दोनदा थाप मारली.

मी निघालो. आरशात बघितलं. मावशी कठड्यावर बसल्या होत्या. त्यांनी एक चप्पल काढली, उलटी करून त्यातला खडा झटकला, पुन्हा घातली आणि पाय लांब केले. मागून आलेला ट्रक मध्ये आला, आणि वळण आलं.